टेकाडावर अडकलेली कनेक्शनं

मी सातवीपर्यंत शिकलो. हे आधीच सांगून टाकतो, कारण माझं काम काय ते कळलं की लोकांचा पुढचा प्रश्न तोच असतो. चंद्रपुरात जटपुरा गेटाजवळ एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात बसलो. रेडिओवरून टीव्हीवर आलो, टीव्हीवरून ऊर्जानगरच्या क्वार्टरांमधल्या संगणकांवर, आणि संगणकाची पेटी उघडता उघडता आतल्या डाटाबेसपर्यंत पोचलो. डाटाबेस म्हणजे कोठार. कोण माणूस, कुठल्या गावचा, किती माल, कोणत्या दिवशी, हे सगळं ज्यात भरून ठेवतात ते. ते कोठार धड चालतं का पाहायचं आणि हळू चाललं तर का हळू चाललं ते शोधायचं, हा माझा धंदा. इंग्रजी मी शाळेत शिकलो नाही. संगणक बिघडला की पडद्यावर जे निरोप येतात ते वाचून वाचून शिकलो. त्यामुळे इंग्रजीतल्या फक्त वाईट बातम्या मला समजतात.

या धंद्यात गिऱ्हाईक येतं ते एकच वाक्य घेऊन येतं. "भाऊ, हळू चालून राह्यलं." का हळू, कधीपासून हळू, ते विचारायचं नाही. विचारलं तर राग येतो. आमच्या गावचे एक वकील होते. त्यांचा संगणक दर उन्हाळ्यात आजारी पडायचा. जाऊन पाहतो तर तोंडासमोर कूलर लावलेला. वाळ्याच्या ताट्या, भरपूर पाणी, आणि ओल्या हवेचा झोत थेट पेटीत. म्हटलं, वकीलसाहेब, हे काय करून राह्यले? तर म्हणाले, "मले इतकं गरम होते, त्याले नसंन होत का?" चंद्रपूरच्या उन्हात माणसाला असं वाटणं साहजिक आहे. पेटी उघडली तेव्हा आत गंज आणि गंजावर कोळशाची धूळ बसलेली. कूलर हलवला, पेटी धुतली-पुसली, काम झालं. वकीलसाहेब मात्र शेवटपर्यंत म्हणत राहिले की मी त्यांच्या संगणकावर अन्याय केला.

तो रोग डोळ्यांना दिसणारा होता. आता जो सांगतो तो दिसत नव्हता.

भामरागडकडच्या ग्रामसभांनी मिळून एक संघ केला आहे. तेंदूपत्त्याचं काम पूर्वी ठेकेदार करायचा. उन्हाळ्यात पहाटे लोक जंगलात जातात, तेंदूची पानं तोडतात, घरी बसून त्यांचे पुडके बांधतात आणि संध्याकाळी गावच्या फळीवर, म्हणजे जिथं माल गोळा होतो तिथं, आणून देतात. ठेकेदाराच्या वेळी तिथं बाहेरगावचा मुन्शी बसायचा आणि कोणाचं काय लिहायचं ते तोच ठरवायचा. आता काम ग्रामसभांनी स्वतः घेतलं. फळीवर लिहायला गावातल्याच शिकलेल्या बाया बसवल्या आणि प्रत्येकीला लॅपटॉप दिला. नोंदी वेबसाइटवर भरायच्या, सर्व्हर चंद्रपूरला संघाच्या कार्यालयात, मागच्या खोलीत. त्या सर्व्हरची देखरेख माझ्याकडे आली. तोवर माझं वय झालं होतं आणि घरच्यांनी मला आराम करायला सांगितलं होतं, म्हणून मी लगेच हो म्हटलं.

हंगामाआधी प्रत्येक कुटुंबाची नोंद करावी लागते. घरात कोण कोण, पान तोडायला कोण जाणार, सगळं. ही नोंद सुरू झाली आणि आमचं तोंड काळं झालं. सकाळी वेबसाइट झपाझप चालायची. ऊन वर आलं की मंद व्हायची. मग पडद्यावर नुसतं चाक फिरत राहायचं, फिरता फिरता निरोप यायचा की नंतर प्रयत्न करा. संध्याकाळ झाली की आपोआप पुन्हा चालायला लागायची. रोज तेच.

संघाचे अध्यक्ष चिन्नादादा. माडिया गोंड, वयाने माझ्याएवढेच, आवाज कधी चढवणार नाहीत. त्यांचा फोन आला.

"जोहार भाऊ. तुमची मशीन दुपारी झोपते म्हणतात."

"झोपत नाई दादा. थोडी अडचण आहे."

"पाला काही तुमच्या अडचणीसाठी थांबत नाई भाऊ. आता संघाची बैठक येऊन राह्यली. तोवर सुधारलं तर ठीक. नाई तर संघातले बरेच जण म्हणून राह्यले का ठेकेदाराचे मुन्शी बरे होते. मंग मशीनबी परत आणि बायाबी घरी."

फोन ठेवला. त्या बायांपैकी बऱ्याच जणींचं ते पहिलं काम. त्यांच्या गावात फळीवरची लेखणी पहिल्यांदाच गावच्या बाईच्या हातात आली होती. ती आमच्या चाक फिरण्यापायी जाणार होती. आणि माझ्यापुरतं सांगायचं तर, मी लावलेली मशीन काढून त्या जागी मुन्शी बसवावा, हे मला जिवंतपणी पाहायचं नव्हतं.

वेबसाइटचा प्रोग्राम सांभाळायला नागपूरची एक इंजिनीअर मुलगी होती, श्वेता. हुशार, तोंडाने फटकळ, दिवसभर फुटाणे खात काम करणारी. प्रोग्राम मुळात दुसऱ्याच कोणी लिहिला होता आणि लिहून तो परदेशी निघून गेला होता. ती मला भाऊ म्हणायची, मी तिला श्वेताबाई. आमचं पटायचं नाही, म्हणून काम चांगलं व्हायचं.

इथं मला धंद्यातली एक गोष्ट समजावून सांगावी लागेल. वेबसाइट आणि कोठार यांच्यामध्ये एक नदी आहे असं समजा. तुम्ही अलीकडच्या काठावर उभे, नोंदी पलीकडे. जायचं तर डोंगा पाहिजे. लाकूड कोरून केलेला असतो ना, तसा. आता प्रत्येक माणूस आला की नवा डोंगा कोरायला बसलं तर त्यातच दिवस जाईल. म्हणून काठावर काही डोंगे कायमचे तयार बांधून ठेवतात. माणूस आला, डोंगा घेतला, पलीकडे जाऊन काम केलं, परत येऊन डोंगा बांधला. की पुढचा माणूस तोच घेतो. या डोंग्यांना आम्ही कनेक्शन म्हणतो आणि काठावर बांधलेल्या सगळ्यांना मिळून कनेक्शन पूल. नदीवरचा सिमेंटचा पूल वेगळा, हा वेगळा. काम पापणी लवायच्या आत होतं, म्हणून थोडे डोंगे शेकडो माणसांना पुरतात. पण एखाद्याने डोंगा पलीकडे बांधला आणि झाडाखाली झोपला, तर तो डोंगा गेला. असे सगळेच झोपले तर अलीकडच्या काठावर गर्दी होते, आणि लोक म्हणतात की नदीच हळू वाहते.

मी पहिल्याच दिवशी निकाल दिला. "डोंगे कमी पडून राह्यले. पूल वाढवा."

श्वेता म्हणाली, "भाऊ, सर्व्हर तर रिकामा बसला आहे. त्याच्या अंगावर काहीच काम नाही. मग वाढवून काय होणार?"

"गर्दी दिसून राह्यली ना?"

"गर्दी दिसते, काम दिसत नाही. काहीतरी अडकून बसलं आहे."

"श्वेताबाई, तुम्ही जन्मल्या नव्हत्या तेव्हापासून मी हे करून राह्यलो."

"म्हणून तर म्हणते. तेव्हाचं करून नका राहू."

ती जेवायला गेली आणि मी पूल दुप्पट केला. दुसऱ्या दिवशी बंद पडायला जरा वेळ लागला, म्हणून मी दुपारपर्यंत छाती काढून फिरलो. मग बंद पडलं ते आधीपेक्षा जास्त बंद पडलं. प्रत्येक डोंग्याला कोठाराच्या बाजूने थोडी जागा लागते, मेमरी लागते. इतके डोंगे उभे करायला आमच्या सर्व्हरच्या अंगात ताकद नव्हती. आता सकाळीही हळू चालायला लागलं. श्वेताने माझ्या टेबलावर फुटाण्याची पुडी ठेवली आणि म्हणाली, "खा भाऊ. आणि पहिल्यासारखं करा."

पहिल्यासारखं केलं. मग तिने मला कोठाराच्या बाजूची यादी उघडून दाखवली. कोणता डोंगा काय करतो आहे ते त्यात दिसतं. मी ती यादी हजारदा पाहिली असेल, पण पाहायचो ते काम करणाऱ्या डोंग्यांकडे. तिने न करणाऱ्यांकडे बोट दाखवलं. जवळजवळ सगळे डोंगे पलीकडे बांधलेले. प्रत्येकाने एकेका कुटुंबाची नोंद हातात धरलेली आणि पुढे काहीच नाही. नुसते बसलेले. काही सकाळपासून.

"हे कोण आहेत?" मी विचारलं.

"प्रोग्राममध्ये तसंच लिहिलं आहे. फॉर्म उघडला की त्या कुटुंबाची नोंद कुलूप लावून धरायची, सेव्ह होईपर्यंत सोडायची नाही. दोन ठिकाणी एकच कुटुंब उघडू नये म्हणून."

"मंग ते ठीकच आहे. फॉर्म भराले किती वेळ लागते?"

"आपल्या इथं दोन-चार मिनिटं. मी भरून पाहिला. पण या लोकांना सकाळपासून दुपारपर्यंत लागतो आहे. एकेका फॉर्मला!"

आम्ही दोघंही त्या यादीकडे पाहत बसलो. मी म्हटलं रेंज नसेल. ती म्हणाली, रेंज नसेल तर फॉर्म उघडणारच नाही. मी म्हटलं बाया गप्पा मारत असतील. ती म्हणाली, सगळ्या गावांतल्या, एकाच वेळी, रोज? यादीत एक गाव सगळ्यांत वर होतं. त्याच्या नावावर ढीगभर डोंगे. मी म्हटलं, "इथी बसून नाई समजणार. चला."

चंद्रपूरहून आलापल्ली, आलापल्लीहून पुढे जंगलाचा रस्ता. एप्रिल सरत आला होता, सागाची पानं झडलेली, मोहफुलं वेचून झालेली. श्वेता त्या बाजूला पहिल्यांदाच येत होती. आलापल्लीला चहा पिताना तिने विचारलं, "भाऊ, तुम्हाला गोंडी येते ना? इतकी वर्षं फिरता."

"नाई येत."

"काहीच नाही?"

"जोहार येते."

ती हसली. मी हसलो नाही. इतकी वर्षं या जंगलात वायरी ओढल्या, पेट्या उघडल्या, लोकांच्या घरी जेवलो, आणि भाषा शिकायचं राहूनच गेलं. समोरचा मराठी बोलतो म्हटल्यावर गरज पडली नाही. असं मी म्हणायचो.

गावात पोचलो तर फळीवर कोणी नाही. चिन्नादादांचंच ते गाव. ते म्हणाले, "सोमी टेकाडावर आहे. रेंज तिथीच येते."

गावामागे एक टेकाड, वर मोहाचं मोठं झाड. झाडाखाली सोमी मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलेली. बारावी झालेली, लग्न झालेली, अंगाने बारीक, बोलायला धीट. आम्हाला पाहून उठली नाही. म्हणाली, "बसा भाऊ. बसा बाई. आता नेटवर्क आहे, मले उठता येत नाई."

आम्ही बसलो आणि पाहायला लागलो. तिने एका कुटुंबाचा फॉर्म उघडला. भरला नाही. शेजारी दुसरा टॅब उघडला, त्यात दुसऱ्या कुटुंबाचा फॉर्म. मग तिसरा. तिचं बोट भराभर चाललं होतं. तोंडाने घराघराचं नाव घेत होती. श्वेताने आपल्या लॅपटॉपवर ती डोंग्यांची यादी उघडली. सोमीने टॅब उघडला की इकडे एक डोंगा पलीकडे. पुन्हा उघडला, पुन्हा एक. काठ आमच्या डोळ्यांदेखत रिकामा होत चालला होता. सोमीच्या बोटाबरोबर श्वेताची मान हलत होती. शेवटचं घर उघडून झालं आणि सोमीने लॅपटॉपचं झाकण अलगद अर्धं लावलं, दूध झाकावं तसं.

"आता कुठी?" मी विचारलं.

"खाली. गोटूलमध्ये. सगळे बसले आहेत. तिथी भरीन, मंग वर येऊन एकदम सेव्ह करीन. खाली रेंज नाई ना भाऊ, म्हणून आधी सगळे उघडून घेतो."

"हे तुले कोणी शिकवलं?"

"कोणी नाई. मीच काढलं." मग जरा फुशारकीने म्हणाली, "भामरागडले ट्रेनिंग झालं ना, तिथी सगळ्याच बायांले मी सांगितलं. आता सगळ्या असंच करतात."

मला इतकं हसू आलं की मोहाच्या बुंध्याला टेकलो. नेटवर्क नसलेल्या गावात बसून बाईने अशी युक्ती काढली होती की मला दोन जन्मांत सुचली नसती. आणि त्या युक्तीने रोज दुपारी चंद्रपूरचा सर्व्हर आडवा होत होता. श्वेता हसत नव्हती. तिने सोमीला यादी दाखवली, हे सगळे डोंगे तुझ्याकडे आहेत म्हणून समजावून सांगितलं. सोमीचा चेहरा उतरला.

"म्हणजे माझ्यानं बंद पडते?"

"तुझ्यानं नाही," श्वेता म्हणाली, "फॉर्मच्या बनावटीनं. पण आता एक कर. एका वेळी एकच फॉर्म उघड. भर, सेव्ह कर, मग दुसरा."

"असं नाई होणार बाई."

"का नाही?"

चिन्नादादा मागून चढून आले होते, ते म्हणाले, "पाहा मंग. खाली चला."

गोटूल म्हणजे गावाच्या मधोमध सगळ्यांचं बसायचं छप्पर. सगळं गाव तिथं बसलं होतं, बाया एका अंगाला, पुरुष एका अंगाला, पोरं मध्ये. सोमी एकेका घराचं नाव घेई, त्या घरचे सांगत, सोमी लिही. पण एक घर झालं की दुसऱ्याकडे, आणि पाच घरं झाल्यावर कोणीतरी पुन्हा पहिल्या घराचं काढे. याच्या घरी त्याची बहीण आली आहे, ती पान तोडायला जाणार का? मग सगळे बोलत, गोंडीत, बराच वेळ. सोमी पहिल्या घराच्या टॅबवर परत जाऊन दुरुस्त करी.

चिन्नादादा माझ्या कानाशी बोलले, "मुन्शी एकेकाले बोलावून लिहायचा भाऊ. त्याच्या तंबूत. तो आत काय लिहिते, बाहेरच्याले ठाऊक नाई. कोणाचं नाव राहून जाय, कोणाच्या घरी भांडण लागे. तवा गावानं ठरवलं. लिहीन ते सगळ्यायच्या पुढं लिहीन, आणि पाठवीन ते सगळ्यायचं संगं पाठवीन. एकाचं गेलं अन् एकाचं राह्यलं, असं आता होणार नाई."

"पण दादा, मशीन—"

"मशीन कोणासाठी आणली?" ते हळूच म्हणाले. "बैठक परवा आहे."

श्वेता आणि मी गोटूलच्या बाहेर आलो. तिने मागे वळून गोटूलकडे पाहिलं. मग म्हणाली, "भाऊ, यांची पद्धत बरोबर आहे. फॉर्मच बदलावा लागेल."

"कुलूप काढायचं?"

"कुलूपच काढायचं. फॉर्म उघडताना डोंगा घ्यायचा, नोंद वाचून आणायची, डोंगा लगेच परत. मग ते दिवसभर भरोत. सेव्ह करताना पुन्हा डोंगा घ्यायचा."

मी अडून बसलो. हा माझा स्वभाव आहे, पण कारणही होतं. "अन् मधल्या वेळात दुसऱ्या गावानं तीच नोंद बदलली तर? शेवटचा जो सेव्ह करीन त्याचं खरं, पहिल्याचं पुसलं? हे मी होऊ देणार नाई. कुलूप त्यासाठीच लावलं होतं."

"मग सेव्हच्या वेळी तपासू. प्रत्येक नोंदीवर एक आकडा ठेवू. नोंद बदलली की आकडा बदलतो. तुम्ही उघडली तेव्हाचा आकडा आणि आताचा आकडा जुळला तर सेव्ह, नाही जुळला तर सांगायचं की बाबा, मध्ये कोणीतरी बदल केला, पाहून घे."

मी त्यात चार खोडे घातले. तीन तिने उडवले. चौथ्याला म्हणाली, हां, हे खरं आहे, आणि तेवढं बदललं. भामरागडला एका ओळखीच्या घरी बसून ती लिहीत राहिली आणि मी तिच्या मागे बसून प्रश्न विचारत राहिलो. लिहून झालं तेव्हा ती लगेच सर्व्हरवर चढवायला निघाली होती. मी म्हटलं, आधी सर्व्हरच्या नकलेवर चालवून पाहा. चालत्या गाडीचं चाक मी कधी बदललं नाही, बदलू दिलं नाही. ती वैतागली, पण नकलेवर चालवलं, आणि एक चूक तिथंच सापडली. फुटाण्याची पुडी तिने तेव्हा पुन्हा माझ्यापुढे केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा टेकाडावर. सोमीने सगळी घरं उघडली. आम्ही यादीकडे डोळे लावले. डोंगा गेला, आला. गेला, आला. उघडून झालं तेव्हा काठावर सगळेच्या सगळे डोंगे बांधलेले. श्वेताने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "अजून सेव्ह व्हायचं आहे. आताच नाचू नका."

गोटूलमध्ये भरणं झालं आणि त्या दिवशी सगळं गाव सोमीच्या मागे टेकाडावर चढलं. मशीनचं काय होतं ते सगळ्यांनाच पाहायचं होतं. सोमीने पहिलं घर सेव्ह केलं. गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्याला पडद्यावर लाल निरोप आला: तुम्ही उघडल्यानंतर ही नोंद बदलली आहे.

ती पाकलीबाईची नोंद होती. म्हातारी, एकटी राहणारी. नदीपलीकडच्या गावात तिची लेक दिलेली. तिथल्या फळीवाल्या बाईने त्याच सकाळी पाकलीबाईची नोंद उघडून तिला लेकीच्या घरात लिहून सेव्ह केलं होतं. जुन्या कुलपाच्या वेळी असं झालं असतं तर ती बाई तिकडे डोंगा धरून, सोमी इकडे डोंगा धरून, दोघी संध्याकाळपर्यंत ताटकळल्या असत्या. आता सरळ कळलं की भानगड कुठं आहे.

"काऊन वो म्हातारे," कोणीतरी मराठीत ओरडलं, आमच्यासाठीच असावं, "दोन गावात पान तोडशील का?"

पाकलीबाई शांतपणे म्हणाली, "लेकीनं विचारलं, हो म्हटलं. सोमीनं विचारलं, हो म्हटलं. कोणाले नाई म्हणू?"

सगळं टेकाड हसलं. मला वाटलं सोमी तेवढी नोंद बाजूला ठेवून बाकीची सेव्ह करील. तिने हात मागे घेतला. पाकलीबाईचं ठरल्याशिवाय कोणाचंच जाणार नव्हतं. पहिली दोन घरं घाईत गेली म्हणून उलट सोमीलाच बोल बसला. मग सगळे मोहाखाली बसले आणि बोलणं सुरू झालं. लेकीच्या गावाला निरोप पाठवायचा म्हणून एक माणूस सायकलवर रवाना झाला. ऊन डोक्यावर आलं. तो परत आला. पुन्हा बोलणं. सोमीच्या लॅपटॉपवर अख्ख्या गावाचे फॉर्म तसेच उघडे.

श्वेता माझ्याकडे वळली. "भाऊ, बाकीच्या गावांतही आता हेच चाललं असणार." आम्ही यादी पाहिली. दुपार. रोज सर्व्हर आडवा होतो ती वेळ. सगळ्या फळ्यांवर सगळे फॉर्म उघडे, आणि काठावर डोंगे पाण्यात डुलत उभे. तेवढ्यात चंद्रपूरच्या कार्यालयातून फोन आला. तिथली बाई म्हणाली, "भाऊ, सगळं बंद आहे का? दुपार झाली तरी कोणाचीच तक्रार नाई आली, म्हणून फोन केला."

पाकलीबाईने शेवटी स्वतःच तोडगा सांगितला. पान इथंच तोडीन, जेवायला लेकीकडे जाईन. दोन्ही गावांना ते मान्य झालं. मग सोमीने पाकलीबाईची नोंद नव्याने उघडून भरली आणि एकामागून एक सगळं गाव सेव्ह केलं.

राहिली बैठक. ती त्याच गोटूलमध्ये होती, गावोगावची माणसं आली होती, फळीवरच्या बाया आल्या होत्या. मशीन की मुन्शी, हे ठरायचं होतं. मी आत जाऊन आमचं म्हणणं मांडणार होतो, मनात भाषणही तयार होतं. चिन्नादादांनी दारातच थांबवलं. "भाऊ, तुमचं काम तुम्ही केलं. आता आमचं आम्ही बोलतो."

श्वेता आणि मी बाहेर सावलीत बसलो. आतून आवाज येत होते, बायांचे जास्त. सगळं गोंडीत. कोणी जोरात बोललं की मला वाटायचं मशीन गेली. कोणी हसलं की वाटायचं राहिली. "काय म्हणत असतील?" श्वेता विचारायची. मला काय माहीत? इतक्या वर्षांत जोहारच्या पुढे गेलो नव्हतो, आणि आपल्याच कामाचा निकाल भिंतीबाहेर बसून ऐकत होतो. ते मला त्या दिवशी लागलं. श्वेताला मी ते सांगितलं नाही. आता इथं लिहितो आहे.

दुपार उलटल्यावर सोमी बाहेर आली. घाम पुसत आमच्या पुढ्यात उभी राहिली.

"ठरलं भाऊ. मशीन राहते. आम्हीबी राहतो."

मी उठायला लागलो तर तिने हाताने बसवलं.

"पण सगळ्या बायांचं एक म्हणणं आहे. इतके टॅब उघडून डोळे दुखतात. आख्खं गाव एकाच पानावर दिसलं पाह्यजे, अन् एकदाच सेव्ह झालं पाह्यजे. अन् ते हंगामाच्या आधी पाह्यजे."

एवढं सांगून ती आत गेली. श्वेता म्हणाली, सोपं आहे, दोन दिवसांत करते. मी म्हटलं, अख्खं गाव एका डोंग्यात बसवणार का? वजन किती होईल त्याचं? ती म्हणाली, भाऊ, पुन्हा सुरू नका करू. मी काडी उचलली, मातीत नदी काढली आणि तिला विचारलं, बरं, एक घर अडलं तर बाकीच्यांचं काय कराल?